अर्ज कुणाच्या टेबलावर? महापालिकेबद्दल वाचकांचे प्रश्न

कोल्हापूर महापालिकेच्या कारभाराबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच वाक्यावर येऊन थांबतात: "सांगून सांगून थकलो." पण कुणाला सांगितलं, कधी सांगितलं आणि त्याची पोच आहे का, हे पत्रात क्वचितच असतं. बहुतेक कामं अडतात ती तिथेच. म्हणून खालच्या उत्तरांत कलमांपेक्षा टेबलांचा पत्ता जास्त सापडेल. एकसारखी पत्रं एकत्र केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

आमच्या गल्लीतला रस्ता पाच-सहा वर्षं उखडलेला आहे. माजी नगरसेवक म्हणायचे, "सभागृहच नाही, काय करणार?" ऑफिसात गेलं की "तरतूद नाही." आता निवडणूकही झाली. गल्लीचा रस्ता मंजूर करतं तरी कोण? (राजारामपुरी)

आधी "सभागृह नाही" या उत्तराबद्दल. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली आणि जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. या काळात महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकच वापरत होते. टेंडर निघत होती, रस्ते होत होते. त्यामुळे सभागृह नसणं ही अडचण खरी होती, पण ती विचारायला माणूस नसण्याची. मंजुरी देणारं कुणी नाही, असं कधीच नव्हतं.

आता नेहमीची रीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 प्रमाणे पैसा कशावर खर्चायचा हे नगरसेवक ठरवतात आणि काम करून घेण्याचा अधिकार आयुक्तांचा असतो. महापौर सभा चालवतात, पण इंजिनिअरला हुकूम देण्याची सत्ता त्यांच्याकडे नाही. "महापौरांनी सांगितलंय" एवढ्यावर डांबराची गाडी हलत नाही ती त्यामुळे. खर्चाच्या मोठ्या निविदा 16 जणांच्या स्थायी समितीपुढे येतात. म्हणून कोल्हापुरात महापौरपदाइतकीच चुरस 'स्थायी'च्या सभापतिपदासाठी असते.

तुमच्या अर्जाचा प्रवास असा. अर्ज विभागीय कार्यालयात जातो. राजारामपुरीचं तिथलंच, बाकीची तीन गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट आणि ताराराणी मार्केट इथे आहेत. कनिष्ठ अभियंता जागा पाहून लांबी-रुंदी घेतो आणि एस्टिमेट करतो. ते उपशहर अभियंत्यांकडून शहर अभियंत्यांकडे जातं. मग लेखा विभाग त्या कामासाठी बजेटमध्ये पैसा आहे का, ते तपासतो. "तरतूद नाही" हा शेरा इथे पडतो आणि फाईल परत फिरते. तरतूद असेल तर प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा, वर्क ऑर्डर.

चूक होते ती वेळेची. लोक जूनमध्ये, खड्ड्यात पाणी साचलं की अर्ज करतात. तोवर चालू वर्षाचं बजेट मार्चअखेर मंजूर होऊन गेलेलं असतं आणि पावसाळ्यात डांबरीकरण होतही नाही. अर्ज दसरा-दिवाळीच्या सुमारास द्या. म्हणजे डिसेंबरपर्यंत एस्टिमेट तयार होतं आणि आयुक्त स्थायीपुढे अंदाजपत्रक ठेवतात तेव्हा तुमच्या गल्लीचं नाव यादीत घालायला नगरसेवकाच्या हातात आकडा असतो. आकडा नसलेली मागणी बजेट सभेत भाषणापुरतीच उरते.

अर्जात हे असू द्या: रस्ता कुठून कुठपर्यंत (दोन्ही टोकांची खूण), अंदाजे लांबी-रुंदी मीटरमध्ये, शेवटचं डांबरीकरण कधी झालं, गटर एका बाजूला आहे की दोन्ही, आणि पाण्याची किंवा ड्रेनेजची लाईन बदलायची राहिली आहे का. शेवटचा मुद्दा विसरू नका. लाईन बाकी असेल तर अभियंता रस्ता मागे ठेवतो आणि ते बरोबरच आहे. नवा रस्ता आणि महिन्याभरात त्यावर चर, हे दृश्य शहराला नवं नाही.

आणखी एक अडसर उपनगरांत हमखास निघतो. रस्ता महापालिकेच्या ताब्यातच नसतो. खासगी लेआऊटमधले अंतर्गत रस्ते आणि खुल्या जागा रीतसर हस्तांतरित झाल्या नसतील तर त्यावर खर्च टाकायला लेखा विभाग आक्षेप घेतो. नगररचना विभागात मंजूर लेआऊटचा नकाशा पाहून ही गोष्ट आधी उलगडून घ्या. हस्तांतर राहिलं असेल तर दहा वर्षं अर्ज करूनही काही होणार नाही.

खड्डे बुजवणं हे वेगळं खातं आहे. पॅचवर्क देखभाल-दुरुस्तीच्या तरतुदीतून होतं, त्याला एवढी मंजुरी लागत नाही. त्यामुळे अर्ज दोन करा, एक पॅचवर्कचा आणि एक संपूर्ण डांबरीकरणाचा. एकाच अर्जात दोन्ही मागितलं की खड्ड्यात खडी पडते आणि "काम पूर्ण" म्हणून अर्ज दप्तरी दाखल होतो.

काम सुरू झालं की बघायचं काय? जुना रस्ता झाडून धूळ काढली पाहिजे आणि त्यावर डांबराचा पातळ फवारा, म्हणजे टॅक कोट, बसला पाहिजे. धुळीवर कार्पेट, म्हणजे डांबर-खडीचा थर, टाकला की पहिल्या पावसात पापुद्रा सुटतो. गल्लीत सहसा 20 मिलिमीटरचं कार्पेट आणि त्यावर सीलकोट असतो. एस्टिमेटमध्ये काय लिहिलंय ते विचारा आणि कडेला पट्टी लावून मोजा. मिश्रण लांबून येऊन थंड झालं असेल तर रोलर फिरवून उपयोग नाही, दाबताना ते 90 अंश सेल्सिअसच्या खाली उतरलेलं नसावं. हात लावून कळत नाही, पण ठेकेदाराच्या माणसाकडे थर्मामीटर मागायला हरकत नाही. नसेल तर तेच लिहून अभियंत्याला द्या. आणि उतार गटरीकडे आहे ना, ते बादलीभर पाणी ओतून बघा. कोल्हापुरातले बहुतेक खड्डे गाड्यांनी पडत नाहीत, साचलेल्या पाण्यानं पडतात.

आमच्या प्रभागात चार नगरसेवक निवडून आले. काम सांगायचं कुणाला? एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. (संभाजीनगर)

जानेवारी 2026 च्या निवडणुकीत 81 जागांसाठी 20 प्रभाग झाले. 19 प्रभागांत चार-चार आणि एका प्रभागात पाच. प्रभागाच्या आत प्रत्येकाची वेगळी हद्द कायद्यात नाही, चौघेही पूर्ण प्रभागाचेच. आपापसात त्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या असल्या तरी तो त्यांचा घरगुती करार.

एकच पत्र चौघांच्या नावे लिहा. पत्रावर चारही नावं वर दिसू द्या, म्हणजे कुणाला दिलं आणि कुणाला नाही यावर राजकारण होत नाही, आणि प्रत विभागीय कार्यालयाला द्या. पोच तिथली घ्या, नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयातल्या सहीला आवक क्रमांक नसतो.

पत्ता लिहितानाही एक गोंधळ टाळा. ए, बी, सी, डी, ई हे वॉर्ड सिटी सर्व्हेचे आहेत. निवडणुकीचा प्रभाग क्रमांक वेगळा आणि विभागीय कार्यालयाचा क्रमांक आणखी वेगळा. "ई वॉर्ड" म्हटलं की अर्धं शहर आलं. तिन्ही लिहा.

पाणी, गटर, सफाई अशा स्थानिक तक्रारींसाठी प्रभाग समितीही असते. बजेटमध्ये तरतूद असेल तर 5 लाख रुपयांपर्यंतच्या कामाला ती स्वतः मंजुरी देऊ शकते. गटारीच्या चॅनेलवरची फुटलेली फरशी, छोटी संरक्षक भिंत, असली कामं स्थायीपर्यंत नेण्याची गरज नसते. नगरसेवकाला "समितीत घ्या" असं नेमकं सांगा.

जुना फ्लॅट घेतला. दोन वर्षं झाली, घरफाळ्याचं (मालमत्ता कराचं) बिल अजून आधीच्या मालकाच्या नावानं येतंय आणि त्यात त्यांची थकबाकीही दिसतेय. ती मी का भरायची? (ताराबाई पार्क)

भरावी लागेल. घरफाळा मिळकतीवर बसतो आणि कायद्यानं त्या मिळकतीवर पहिला बोजा असतो. महापालिका घराला ओळखते, माणूस तिच्या दृष्टीनं नंतर येतो. तुम्ही भरा आणि आधीच्या मालकाकडून वसूल करा. खरेदीपत्रात "खरेदीच्या तारखेपर्यंतचे सर्व कर विकणाऱ्यानं भरायचे" असं कलम असेल तर हात बळकट, नसेल तर भांडण लांबतं.

खरेदीच्या आधी करायची गोष्ट म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला. बँक कर्ज देताना मागते म्हणून कर्जवाल्यांचं भागतं, रोखीत घेणारे फसतात.

नाव लावण्याचा नियम असा. खरेदीपत्र नोंदल्यापासून तीन महिन्यांच्या आत विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनीही महापालिकेला लेखी कळवायचं. विकणाऱ्यानं कळवलं नाही तर कराची जबाबदारी त्याच्या डोक्यावरूनही उतरत नाही. हे विकणाऱ्यांना माहीतच नसतं, आणि चार वर्षांनी दुसऱ्याच्या घराची जप्तीची नोटीस हातात पडते. वारसाच्या बाबतीत मुदत मृत्यूपासून एक वर्ष.

अर्जासोबत सूची दोन (इंडेक्स टू) आणि खरेदीपत्राची प्रत, शेवटची घरफाळा पावती, ओळखपत्र आणि अपार्टमेंट असेल तर सोसायटीचं पत्र जोडा. वारसनोंद असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांचं संमतीपत्र. फाईल अडते ती बहुतेक तीन कारणांनी: थकबाकी शिल्लक आहे, सूची दोनवरचा फ्लॅट क्रमांक आणि घरफाळा खात्यातला क्रमांक जुळत नाही, किंवा पार्किंग-टेरेस वेगळ्या खात्यावर पडलंय. दुसऱ्या कारणासाठी बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्यासोबतचा मंजूर नकाशा घेऊन जा, वाद पाच मिनिटांत मिटतो.

उशिराचा हिशोब कडक आहे. शास्ती महिन्याला 2 टक्के. 12,000 रुपये थकले तर महिन्याला 240, वर्षाला 2,880. दोन वर्षांत मूळ रकमेच्या जवळजवळ निम्मी शास्तीच. वर्षाच्या सुरुवातीला पूर्ण बिल भरणाऱ्याला सवलत असते, तिचा दर आणि तारीख त्या वर्षीच्या बिलावर बघा. मार्च जवळ आला की शास्तीत माफीची योजना येईल म्हणून थांबणारे बरेच असतात. ती आली तर ठीक, नाही आली तर महिन्याला दोन टक्क्यांनी तुम्हीच महापालिकेला व्याज देताय.

एक गैरसमज इथेच दूर करतो. घरफाळ्याच्या पावतीवर नाव लागलं म्हणजे मालकी झाली नाही. मालकीसाठी प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे नगर भूमापन कार्यालयात, वेगळी नोंद लागते. भाऊबंदकीत लोक पावत्या फडकावतात, कोर्ट त्यांना पैसे भरल्याचा पुरावा म्हणूनच बघतं.

आणि याच गठ्ठ्यातलं दुसरं पत्र, "आकारणीच चुकीची आहे" असं. कर बसवल्याची किंवा वाढवल्याची विशेष नोटीस येते, त्यात हरकतीची मुदत छापलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या. क्षेत्रफळ, वापर (राहता की व्यापारी) आणि बांधकामाचं वय या तिन्हींपैकी काय चुकलंय ते आकड्यासह लिहा. नुसतं "जास्त वाटतो" चालत नाही. हरकतीवरचा निर्णय पटला नाही तर कलम 406 खाली न्यायालयात अपील आहे, पण मुदत अवघी 15 दिवस आणि आधी मागितलेला कर भरावा लागतो. हरकत न घेता थेट अपील करणाऱ्याचं अपील दारातूनच परत येतं.

सकाळी पाणी आलं की पहिली काही मिनिटं गटारीसारखा वास येतो, मग जातो. तक्रार केली, माणूस आला तेव्हा पाणी स्वच्छ. आता तोच आम्हाला खोटं पाडतोय. (शुक्रवार पेठ)

खोटं नाही. तुम्ही दिलेलं लक्षणच रोग सांगतंय. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद झालं की नळीतला दाब जातो, उतारावरचं पाणी खाली ओसरतं आणि नळीत ओढ तयार होते. त्याच वेळी एखादं घरगुती कनेक्शन गटारीतून जात असेल आणि तिथली नळी गंजून तिला सुईएवढं भोक पडलं असेल तर गटारीचं पाणी आत खेचलं जातं. सकाळी चावी फिरली की ते पहिल्या लोंढ्यात तुमच्या नळाला येतं, नंतर मागून शुद्ध पाणी. पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रातून कितीही चांगलं शुद्ध होऊन निघो, शेवटच्या दहा फुटांत त्याची माती होते. जुन्या पेठांत नळ्या गटारीतून नेण्याची पद्धत होती, म्हणून हा त्रास तिथे जास्त.

माणूस दहा वाजता आला तर त्याला काय दिसणार? पाणी यायच्या वेळेलाच बोलवायला पाहिजे. त्याआधी घरी एवढं करा.

पाणी टाकीतून न घेता थेट लाईनवरच्या नळातून घ्या. टाकीतलाच वास असेल तर दोष तुमचा. काचेच्या तीन बाटल्या: पाणी आल्याबरोबर एक, पाच मिनिटांनी दुसरी, अर्ध्या तासानं तिसरी. बाटलीवर वेळ लिहा. पहिलीच गढूळ असेल तर भोक जवळच, तुमच्या किंवा शेजारच्या कनेक्शनवर. तिन्ही सारख्या असतील तर मुख्य लाईनवर दोष आहे आणि तो गल्लीभर दिसेल. समोरची दोन आणि शेजारची दोन घरं विचारून कुणाकडे वास येतो, कुणाकडे नाही, याचा साधा नकाशा कागदावर काढा. चर कुठे मारायचा हे अभियंत्याला त्या कागदावरून कळतं. नाहीतर अंदाजानं तीन ठिकाणी रस्ता फोडतात.

ओटी टेस्ट करायला सांगा. परीक्षानळीत नळाचं पाणी घेऊन ऑर्थोटॉलिडीनचे थेंब टाकतात, पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन असावा. पहिल्या बाटलीला रंगच आला नाही आणि तिसरीला आला, की वाद संपला. घाण मिसळली की क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतो.

तक्रार पाणीपुरवठा विभागाकडे लेखी द्या आणि प्रत आरोग्य विभागाला. आरोग्य विभागाला प्रत गेली की नमुना तपासणीला जातो आणि कागद तयार होतो. गळती सापडेपर्यंत लाईन वॉशआऊटमधून धुवून घ्यायला सांगा.

मुख्य लाईनपासून तुमच्या मीटरपर्यंतची नळी तुमची असते, ती बदलण्याचा खर्चही तुमचा. नोटीस आली तर चिडू नका. नळी गटारीच्या वरून किंवा बाहेरून न्या, गटार ओलांडावीच लागली तर मोठ्या पाइपच्या आवरणातून न्या. आणि लाईनला थेट मोटर लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की मोटर पाणी खेचते तेव्हा शेजारच्या भोकातून गटारही खेचते. ती बेकायदा आहे हे वेगळंच.

तोवर पाणी उकळून प्या. टाकीसाठी 1,000 लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चमचा. तांब्यात कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी टाकीत घाला आणि एक तास थांबा. जुनी, उघडी राहिलेली पावडर निकामी झालेली असते.

नाट्यगृहाला, केएमटीच्या बसला पैसे आहेत, आणि आमच्या कोपऱ्यावरचा दिवा तीन महिने बंद. हा काय न्याय? (कसबा बावडा)

कायद्यात महापालिकेची कामं दोन ढिगांत आहेत. कलम 63 मधली बंधनकारक: दिवाबत्ती, सफाई, पाणी, गटारी, अग्निशमन, स्मशानभूमी, प्राथमिक शाळा. कलम 66 मधली ऐच्छिक: बागा, नाट्यगृहं, बस. कागदावर तुमचं म्हणणं बरोबर, दिवा आधी. पण सगळा पैसा एकाच थैलीतून येत नाही. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) 2017 ला जीएसटी आल्यावर पुरता संपला, आणि आता राज्याकडून येणाऱ्या भरपाई अनुदानावर शहराचे पगार चालतात. वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला असतो. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये जळालं, त्याच्या उभारणीसाठी आलेला शासनाचा निधी तुमच्या खांबावर खर्च करताच येत नाही. आमचं मत विचाराल तर केएमटी ऐच्छिक म्हणणं ही कायद्याची भाषा झाली. बावड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या पोरीला ती ऐच्छिक नाही.

दिव्याचं मात्र पैशापेक्षा पत्त्याचं दुखणं असतं. खांबावर रंगवलेला क्रमांक तक्रारीत द्या. क्रमांक नसेल तर समोरच्या घराचा नंबर. एकच दिवा गेला असेल तर दिवा किंवा त्याला वीज देणारा आतला भाग (ड्रायव्हर) निकामी. ओळीनं सगळे बंद असतील तर पॅनलमधला टायमर किंवा एमसीबी (आपोआप पडणारा स्विच). पेटून विझत असेल तर जोड सैल. हे तीन शब्दांत सांगितलं तर माणूस योग्य सामान घेऊन येतो. खांब महावितरणचा आणि दिवा महापालिकेचा, असंही बऱ्याच गल्ल्यांत आहे. खांब वाकला, तार लोंबली तर महावितरणकडे जा.

कोंडाळा (कचराकुंडी) काढून टाकला, तरी लोक तिथेच कचरा टाकतात. (लक्षतीर्थ वसाहत)

जागा रिकामी आणि अंधारी राहिली की कोंडाळा परत येणारच. टिपरची, म्हणजे कचरागाडीची, वेळ नक्की नसेल तर कामावर जाणारी माणसं पिशवी कोपऱ्यावर ठेवून जातात, त्यांना दंडाची पाटी दाखवून फरक पडत नाही. सकाळी लवकर भागातल्या सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागी जाऊन मुकादमाला आणि आरोग्य निरीक्षकाला टिपरची वेळ लेखी ठरवून मागा. साहेबांच्या केबिनमध्ये दुपारी ठरलेली वेळ सकाळी रस्त्यावर पोहोचत नाही.

आम्ही पाचगावात राहतो, सगळे व्यवहार कोल्हापुरात. महापालिका आमचा कचरा का उचलत नाही?

कारण तुम्ही हद्दीबाहेर आहात. 1854 ला नगरपालिका झाली, 1972 ला महापालिका, पण हद्द होती तेवढीच, 66.82 चौरस किलोमीटर. तुमची स्थानिक संस्था ग्रामपंचायत. बांधकाम परवान्यासाठी भोवतालच्या 42 गावांकरिता 2017 ला क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, पण त्याचं काम नियोजनाचं. कचरा, दिवे, नळ ही कामं ते करत नाही. हद्दवाढीचा वाद इथे सोडवत नाही. अर्ज मात्र ग्रामपंचायतीलाच करा.

घरात मृत्यू झाला तर महापालिकेत काय काय करावं लागतं? त्या वेळी कुणाला सुचत नाही, म्हणून आधीच विचारते.

पंचगंगा, कसबा बावडा, कदमवाडी आणि बापट कॅम्प या स्मशानभूमींत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. शेणी (गोवऱ्या)-लाकडासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. होळीच्या वेळी शहरातली मंडळं आणि तालमी शेणी दान करतात त्या इथेच येतात.

घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि मृताचं आधार कार्ड सोबत ठेवा. दवाखान्यात झाला तर नोंद दवाखाना कळवतो, तुम्ही फक्त नावाचं स्पेलिंग तिथेच तपासा. आधार, बँक पासबुक आणि सातबाऱ्यावर जे नाव आहे तेच पडलं पाहिजे. "बापू" म्हणून नोंद झाली आणि पासबुकात "बाळासाहेब" असेल तर पुढं वर्षभर हेलपाटे. मृत्यूच्या नोंदीची मुदत 21 दिवस. त्यापुढे 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, एक वर्षापर्यंत लेखी परवानगीनं, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखल्याच्या प्रती पाच-सहा एकदमच घ्या.

ऑनलाईन तक्रार केली. दोन दिवसांत "निराकरण झाले" असा मेसेज आला. जागेवर काहीच नाही. (शाहूपुरी)

मेसेजचा स्क्रीनशॉट आणि त्याच दिवशीचा जागेचा फोटो जपून ठेवा, पुढं लागेल. त्यावर तीच तक्रार पुन्हा ऑनलाईन टाकू नका. विभागीय कार्यालयात कागदावर द्या: "तक्रार क्रमांक अमुक, तारीख अमुक, काम न करता बंद केली आहे." आवक क्रमांक आणि शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या.

पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत. "रस्ता का केला नाही?" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण कायदा कागद देतो, कारणमीमांसा देत नाही. असं लिहा:

"अमुक गल्लीतील अमुक घर ते अमुक चौक या रस्त्यावर 1 एप्रिल 2023 पासून आजपर्यंत झालेल्या कामांचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातील संबंधित पाने आणि दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारातील पान यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात."

मोजमाप पुस्तक, ऑफिसच्या भाषेत एमबी, हा खरा कागद. झालेलं काम मीटरमध्ये तिथे लिहिलेलं असतं आणि बिल त्यावरूनच निघतं. तुमच्या गल्लीची लांबी 80 मीटर आणि एमबीत 120 असेल तर पुढचं पत्र आयुक्तांना लिहायचं. दोषदायित्वाच्या काळात रस्ता उखडला असेल तर ठेकेदारानं स्वखर्चानं करून द्यायचा असतो, नवं टेंडर लागत नाही.

उत्तराची मुदत 30 दिवस. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, तिथेही नाही झालं तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं.

दाखले, नळजोडणी, कराचं नाव बदलणं या अधिसूचित सेवांना मात्र हा रस्ता नको. त्यांना लोकसेवा हक्क अधिनियम 2015 लागू आहे. प्रत्येक सेवेची दिवसांची मुदत कार्यालयात फलकावर लावलेली असते. मुदत टळली की 30 दिवसांत पहिलं अपील करा, दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अट एकच: अर्जाची रीतसर पोच हवी. शिपायाच्या हातात दिलेला कागद मुदतीत धरत नाहीत.

पुराच्या वेळी घर कधी सोडायचं हे कोण सांगतं? (सुतारवाडा)

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांला इशारा पातळीवर येते आणि 43 फुटांला धोका पातळीवर. तुमच्याकडे पाणी शहरात सगळ्यांत आधी येतं, म्हणून 43 ची वाट बघू नका. स्थलांतर, निवारा केंद्र आणि नंतरची सफाई महापालिकेकडे, पंचनामा आणि मदतीची रक्कम महसूल खात्याकडे. दोन्हीकडे वेगळी नावं द्यावी लागतात. पाणी ओसरल्यावर भिंतीवरची चिखलाची रेघ पुसण्याआधी तिच्याशेजारी टेप धरून फोटो काढा आणि मगच घर धुवा.